मांजराचं पान

‘पान मी फाडलं नाही’ हे तान्हाबाईचं बोलणं कुणालाच खरं वाटेना. वाचनालयाला गेल्याच आठवड्यात भेट आलेल्या शंभर वर्षांच्या इंग्रजी शब्दकोशातलं ‘कॅट’चं पान कुणीतरी फाडलं होतं. कोश ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक चिटणीस भालचंद्र हर्डीकरांकडे, दुसरी झाडलोट करणाऱ्या तान्हाबाईकडे.

“हिनंच चुलीत घातलं असणार. काढून टाका हिला!” चिटणीस कमिटीपुढे गरजले. “मी तर तो कोश अजून उघडलेलाही नाही.”

चौथी शिकलेली तान्हाबाई पदर खोचून पुढे झाली. “एका पानापायी माझी भाकरी काढून घेता? मांजर म्हणजे मांजर! त्यात इंग्रजांनी वेगळं काय लिहिलं असणार?”

“अडाणी बाई!” चिटणीस उसळले. “‘उंदीर मारून उपकार करणारं, पण धन्याला ओळख न देणारं जनावर’ असं लिहिलंय! असला अर्थ दुसऱ्या कुठल्या कोशात सापडणार नाही.”

“मग न उघडलेल्या कोशातला तुम्हाला कसा सापडला, साहेब?”

अध्यक्षांनी नुसता हात पुढे केला. रविवारच्या भाषणात मिरवायला घडी करून ठेवलेलं पान चिटणिसांच्या खिशातून मुकाट बाहेर आलं.

तान्हाबाईची नोकरी राहिली आणि कमिटीच्या वहीत दोषी म्हणून नाव चढलं, भालचंद्र हर्डीकर.