बगळीचा कणा

“मेस्त्रीबाबांच्या ठोक्यावर दुसरा ठोका का मारायचा नाही?” येसूनं विचारलं.

“नाही मारायचा म्हणजे नाही,” तात्या सुतार म्हणाले. “तुझ्या बापानंही कधी विचारलं नाही.”

“म्हणून मी विचारते.”

“बापाची हत्यारं उचलली, ती जिभेलाही धार लावूनच!”

गोदीतले म्हातारे हसले. येसू हसली नाही.

समोर इंग्रजांचं सोळा तोफांचं स्लूप, छोटं लढाऊ जहाज, कलतं पडलं होतं. गाव त्याला बगळी म्हणे. बावीस वर्षं ते फ्रेंचांच्या मागे धावलं, टपाल घेऊन पळालं, दोन वादळांतून उठलं. डोलकाठ्या बदलल्या, तक्ते बदलले, कप्तान बदलले. तळाचा कणा तेवढा पहिलाच. आता विलायतेची शेवटची खेप. शंभर माणसं जाणार होती; त्यांत येसूचा भाऊ गणू, खलाशी.

गोदीची रीत ठरलेली. गुरूनं, म्हणजे मेस्त्रीबाबांनी, हातोड्यानं कणा ठोकायचा. खणखणीत वाजला, तर धाकट्या शिष्यानं नारळ फोडायचा आणि जहाज पाण्यात. बद्द वाजला, तर मोडीत.

मेस्त्रीबाबांनी ठोका मारला.

बद्द.

“उत्तम,” ते म्हणाले.

येसू, त्यांची सगळ्यांत धाकटी शिष्या, त्यांच्या पाठीमागे उभी होती. “बाबा, आतून कुजलंय...”

बाबा वळले नाहीत.

तिनं घण उचलला आणि लोहाराच्या ऐरणीवर घातला. खाडीवरचे पक्षी उडाले. कप्तानाचा दुभाषा दचकून उभा राहिला.

बाबा कण्यावरचं शेवाळ नखानं खरवडत होते.

येसूनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. एकेकाची मान खाली गेली.

“कधीपासून ऐकू येत नाही?”

“पाच पावसाळे,” तात्या पुटपुटले. “लाकूड बघून सांगतात. आजवर निभावलं. गुरूचा मान आहे, पोरी... गप्प राहा.”

“आणि गणू?”

तात्यांनी नजर बगळीकडे वळवली.

इतक्यात बाबा वळले. नारळ तिच्या हाती ठेवला. “फोड.”

येसूनं नारळ त्यांच्या पायाशी ठेवला. मग ताठ उभी राहिली, त्यांना आपलं तोंड नीट दिसेल अशी.

“नाही.”

ओहोटीचं पाणी बगळीच्या तळाखालून सरकत राहिलं...

बाबांनी हातोडा तिच्यापुढे धरला.

“पाच पावसाळ्यांत,” ते म्हणाले, “आज पहिल्यांदा ऐकू आलं.”