ज्या पुलाविषयी तक्रार नव्हती

एका राज्यात एक रीत होती, आणि ती रीत राजाहून थोर मानली जाई. राजाने कोणालाही मक्त्याने काम द्यावे, विहीर असो, धर्मशाळा असो, नाहीतर घाटाच्या चार पायऱ्या, तो मक्ता बाजाराच्या दिवशी पारावरून मोठ्याने वाचला जाई. चोपदार वाची आणि समोर उभी राहून पुसणारीण तीन प्रश्न विचारी. "काम कोणाला दिलं? त्यालाच कशावरून? आणि झालेलं काम पाहणार कोण?" तिन्ही उत्तरे चारचौघांत मिळाली की मग शिक्का. तिसऱ्या उत्तरात ज्याचे नाव निघे, त्याने पायी जायचे, कामाला हात लावून पाहायचे आणि पारावर येऊन सांगायचे. विचारणाऱ्याने स्वतः पाहणारा व्हायचे नाही, एवढा दंडक. सात पिढ्यांत त्या राज्यात एक भिंत कोसळली नव्हती.

पुसणारिणीचे नाव भिवरा. आईमागे तिच्याकडे दोनच गोष्टी आल्या होत्या, पारावरचा हा मान आणि धाकटी बहीण चिमा. चिमाला तिने अंगाखांद्यावर वाढवले, नदीपलीकडे चांगले घर बघून दिले. भिवरा तशी खाष्ट. ती प्रश्न विचारू लागली की भलेभले मक्तेदार आपला हिशेब पुन्हा मांडायला बसत. पण अखेर माणूसच ती, एकदा चुकली. आणि चुकली तीही आनंदात.

त्या दिवशी नदीवरच्या पुलाचा मक्ता वाचायचा होता. मक्तेदार होता अंजनगुप्त. काडीसारखा वाळका, आणि त्याची पापणी म्हणून लवत नसे. "काम अंजनगुप्ताला," चोपदार रंगोजीने वाचले. "कशावरून? तर सर्वांत कमी मागणी त्याची." तिसरा प्रश्न भिवराच्या ओठांवर आला, तोच गर्दीतून हाक आली, "भिवराबाई, तोंड गोड करा! पलीकडून निरोप आलाय, चिमाला दिवस गेलेत!"

भिवराच्या डोळ्यांना धार लागली. समोरच कासाराचे दुकान उघडे होते. बहिणीला हिरव्या बांगड्या धाडाव्यात, खण घ्यावा, काय काय तिच्या मनात आले. रंगोजी म्हणाला, "जा बाई तुम्ही. तिसरा प्रश्न पुढच्या बाजारी विचारू. पूल काय पळून जातोय?"

"बरं," भिवरा म्हणाली. झाले! त्या एका 'बरं'वर शिक्का उमटला.

त्याच सांजेला अंजनगुप्ताने राजा धवलकेतूच्या डोळ्यांत काजळासारखे काही घातले. "महाराज, आता कुठे जाऊन पाहायची यातायात नको. कागदावर असेल ते डोळ्यांपुढे दिसेल." अंजनाने डोळे उघडतात म्हणे. या अंजनाने उघडे डोळे मिटले. पुढच्या बाजारी मक्ते वाचलेच गेले नाहीत. पारावर नुसता कागद चिकटवला होता, 'पुलाचे काम पुरे. तक्रार नाही.'

पूल खरोखरच उभा होता. पांढरा, सरळ, आणि त्याचे दुसरे टोक नेहमी धुक्यात. लोक हौसेने चढले. तेली गेला, कुंभाराची दोन पोरे गेली, लग्नाचे आख्खे वऱ्हाड गेले. परत कोणी आले नाही. पलीकडे बरकत असेल, रमले असतील, असे आधी म्हणाले लोक. मग म्हणेनासे झाले. कुंभारीण रोज दोन ताटे वाढी आणि झाकून ठेवी. तिला कोणी काही विचारीत नसे, कारण विचारायचीच भीती वाटू लागली होती. दर बाजारी नवा कागद लागे, 'तक्रार नाही.' आणि खोटे तरी काय होते त्यात? तक्रार करायला मागे येत होते कोण?

भिवराला कळत होते. पण माझ्याच चुकीचे बोट मी कोणाला दाखवू, म्हणून ती गप्प राहिली. अशी सहा महिने गप्प राहिली.

एके दिवशी उताराचा लांबचा फेरा घालून चिमाचा नवरा आला. अंगणातूनच त्याने विचारले, "अक्का, चिमा बरी आहे ना? बाळंतपणाला धाडली, तर पोचल्याचा निरोपही नाही."

भिवराच्या हातातले सूप खाली पडले. "कोणत्या वाटेनं धाडलीत?"

"पुलानं. तोंडाशी सोडलं आणि म्हशीची धार काढायची म्हणून मी मागं फिरलो. आज नववा दिवस. आता माझाच पाय पुलावर धजेना, म्हणून उतारानं आलो."

भिवरा उठली ती तडक नदीत उतरली. पुलाखालच्या वाळूत एक टिटवी बसली होती. माणसाची चाहूल लागली तरी उडाली नाही.

"हाकल मला," टिटवी म्हणाली. "सगळे हाकलतात. मी पाहिलेलं ओरडून सांगते, म्हणून मी अभद्र."

"काय पाहिलंस?"

"या वाळूत माझी चार अंडी आहेत. पुलाचा मधला खांब याच जागी रोवायचा होता. रोवला असता, तर अंडी शाबूत राहिली असती का? सहा महिने उबवते आहे. या पुलाखाली काही उमलत नाही, काही संपत नाही."

भिवराने वर पाहिले. भर उन्हात पुलाची सावली वाळूवर पडली नव्हती.

"माझी चिमा जिवंत आहे?"

"चालते आहे. सगळेच चालताहेत. पूल सरत नाही."

"मग मी काय करू?"

"राहिलेला प्रश्न आता पारावर विचारून भागायचा नाही. पुलावर विचार. पहिला तोंडाशी, दुसरा मध्यावर, तिसरा जिथे पाय धजणार नाही तिथे. तिन्हींना उत्तर मिळालं तर पूल सुटेल. एकही राहिला, तर तूही चालत राहशील."

पुसणारिणीने हाक दिली तर राजाने अनवाणी यायचे, हीही जुनीच रीत. भिवराने पारावर उभी राहून हाक दिली. राजा आला. रंगोजी मक्त्याचा कागद घेऊन आला, अंजनगुप्त हसत आला, आणि भिवरा सगळ्यांना पुलाच्या तोंडाशी घेऊन गेली. गावही आले, पण लांब उभे राहिले.

"पूल तर झकास दिसतो," राजा म्हणाला.

"दिसणारच, महाराज," असे म्हणून भिवराने पहिले पाऊल पुलावर टाकले. दगड पायाला लागलाच नाही. नुसता गारवा लागला. "काम कोणाला दिलं?"

"अंजनगुप्ताला," रंगोजीने वाचले.

ती पुढे निघाली. धुके दाटले. आता तिच्या आजूबाजूला पावले वाजू लागली, कितीतरी पावले, पण माणूस एक नाही. कोणी दमून सुस्कारे टाकीत होते. एक मूल "आलं का घर?" म्हणून सारखे विचारीत होते आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हते. भिवराला परत फिरावेसे वाटले. फार वाटले. तेवढ्यात अगदी कानाशी काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि पुढे गेल्या.

"चिमे!" ती किंचाळली. कोणी थांबले नाही. ती रडत रडत मध्यावर पोचली आणि ओरडली, "त्यालाच कशावरून? कमी मागणी म्हणजे काय मागितलं त्यानं?"

काठावर रंगोजीला ती ओळ मोठ्याने वाचवेना. त्याने कागद राजापुढे धरला. राजा म्हणाला, "एक कवडी मागितली नाही. म्हणाला, पुलावरून जाणाऱ्यांत ज्यांची कोणी मोजदाद ठेवणार नाही, तेवढे माझे. मला वाटलं, माझ्या राज्यात असं कोण असणार?"

हे ऐकले आणि लांब उभी असलेली कुंभारीण मटकन खाली बसली.

भिवरा आणखी पुढे गेली. आता पायाखाली काहीच दिसेना. तिला स्वतःचे नाव आठवेना, आईचा चेहरा आठवेना. ध्यानात उरला होता तो एकच प्रश्न, सहा महिने घशात अडकलेला. तिने जीव एकवटून विचारला, "झालेलं काम पाहणार कोण?"

उत्तर आले नाही. राजाने मान खाली घातली. गावाने पाय मागे घेतला. अंजनगुप्त गोड आवाजात म्हणाला, "कोणी नाही, बाई. चालत राहा." भिवराचे पाऊल आपोआप उचलले, आणि मग दुसरेही.

"मी!"

आवाज फाटका होता. रंगोजी चोपदार, ज्याने जन्मभर दुसऱ्याचे लिहिलेलेच वाचले, तो म्हणाला, "मी पाहीन. पुढच्या बाजारी म्हणणारा मीच होतो." पागोटे सावरत तो वाळूत उतरला, मधल्या खांबाच्या जागी गेला आणि खाली वाकून हात लावला. "महाराज, इथं खांब नाही! टिटवीची अंडी आहेत. ऊन लागताहेत हाताला!"

"मला तर खांब दिसतो," राजा म्हणाला.

"डोळे धुवा, महाराज!"

राजाने ओंजळभर पाणी डोळ्यांवर मारले. काळे ओघळ गालांवरून खाली आले. त्याने पुन्हा पाहिले, आणि या वेळी अंजनगुप्ताकडेही पाहिले. कोणी धड पाहिले की टिकायचा नाही, असाच तो जादूगार. त्याच्या जागी उरलेली चिमूटभर काजळी पाण्यावर तरंगली आणि वाहून गेली.

पूल पडला नाही. पडायला तो होताच कुठे! धुके विरले, आणि नदीकाठी गुडघाभर पाण्यात त्रेचाळीस माणसे उभी होती. तेली, वऱ्हाड, कुंभारणीची दोन पोरे. त्यांत पोट सावरीत उभी असलेली चिमा म्हणाली, "अक्के, केवढा गं लांब पूल हा! पाय मोडले माझे." भिवराने तिला मिठी मारली आणि भर नदीत हंबरडा फोडला. मागे वाळूत चार अंडी टचटच फुटली.

पुढच्या बाजारी पारावर मक्ता वाचला गेला. काम लहानसेच, पूल होईतो एका नावेचे. भिवराने दोन प्रश्न विचारले, तोच शेजारीण धावत आली. "भिवराबाई, चला! चिमाला कळा सुरू झाल्यात, तुमच्या नावानं हाका मारतेय!"

सगळा बाजार म्हणाला, "जा बाई, जा." खुद्द राजा म्हणाला, "जा."

भिवराचा जीव घराकडे ओढत होता. पण ती हलली नाही. तिने रंगोजीकडे पाहिले आणि विचारले, "झालेलं काम पाहणार कोण?"

"मी पाहीन," कुंभारीण म्हणाली. शिक्का उमटला. मग मात्र पुसणारीण पदर खोचून अशी धावली, की म्हणतात, पोरीचा पहिला टाहो तिने उंबऱ्यातच ऐकला.

तीन प्रश्नांची ही कहाणी तिन्ही उत्तरांनिशी पुरी झाली. ऐकणाऱ्याने विचारीत जावे, सांगणाऱ्याने सांगत जावे.