दोन देवमाणसं

छळ सोसणाऱ्या म्हाताऱ्यांना सरकारी मदत पोचते का, हे पाहायला तपासनीस पोंक्षे हौसाबाईंच्या घरी आले. सोबत त्यांचे मोठे साहेब होते. हौसाबाईंचा हात गळ्यात बांधलेला. तो मोडणारा लेक दत्तू शेजारीच मिशीला पीळ देत बसलेला. त्याला बाहेर घालवावं, हे कुणालाच सुचलं नाही.

पोंक्षे म्हणाले, "आजी, लेक त्रास देतो का? न भिता बोला."

"सांगते की. पण आधी तुम्ही सांगा, तुमचे हे मोठे साहेब कसे आहेत? न भिता बोला."

पोंक्षे घाईघाईने म्हणाले, "साहेब? अहो, देवमाणूस!"

"मग लिहून घ्या, माझा दत्तूही तसलाच देवमाणूस आहे."

मोठे साहेब खोकले, उठले आणि दत्तूचं मनगट धरून म्हणाले, "चल रे, आपण देवमाणसं जरा बाहेर बसू."