निळ्या पंखांची आई

हिरव्यागार भातशेतांपलीकडे चौकोनी तळी होती. त्यांत माशांची इवली इवली पिल्लं वाढायची, काजळाच्या ठिपक्याएवढी! काठावरच्या झोपडीत फुलवंता राहायची. तिची आई गेल्या थंडीत तापानं गेली. आता बाबा जाळी ओढायचे आणि फुलवंता डबा बडवून पाखरं हाकलायची, नाहीतर ती मासे खायची ना! हाकलता हाकलता ती बघतच राहायची: शुभ्र बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या, निळाजर्द खंड्या.

पण तिला आईचा आवाज आठवेनासा झाला होता. धाकटा भाऊ रडला की अंगाई ओठांवर येत नसे. मग तीही रडायची.

एका संध्याकाळी पाण्यातलं कुमुद उमललं आणि त्यातून चिमुकली, चंदेरी परी बाहेर आली.

"फुलवंता, तू पाखरं हाकलतेस, पण एकालाही दगड मारला नाहीस. एक इच्छा माग. मात्र सूर्य बुडायच्या आत हं. आणि गेलेलं माणूस परत मागू नकोस, ते माझ्या हातात नाही."

"मग आईचा आवाज? एकदाच ऐकू येईल?"

"येईल. माग."

फुलवंतानं डोळे मिटले. तेवढ्यात बांधावरून केविलवाणी चिवचिव आली. तळ्यावरच्या जाळीत खंड्याची मादी अडकली होती. फुलवंतानं हलक्या हातानं धागे सोडवले, पण निळा पंख लुळा लोंबत होता. बांधातल्या बिळात पिल्लं भुकेनं ओरडत होती.

"परीताई, हिला बरी कर ना!"

"तुझ्या इच्छेनंच होईल गं. मग आईचा आवाज नाही मिळणार."

सूर्य अर्धा बुडाला होता. फुलवंतानं बिळातल्या पिल्लांकडे पाहिलं.

"हिलाच बरी कर. त्यांची आई आहे ती."

पंख झळाळला. पाखरू भुर्रकन उडालं, तळ्यातून एक मासोळी टिपून बिळात शिरलं. फुलवंतानं डबा वाजवला नाही. परीनं तिच्या कपाळाची पापी घेतली आणि सोनेरी उजेडात ती विरून गेली.

घरी भाऊ रडत होता. फुलवंतानं त्याला मांडीवर घेतलं, तोंड उघडलं आणि अंगाई आली! आवाज तिचा नव्हता. किंचित घोगरा, मऊ, आईचा होता.

दारात बाबांच्या हातून जाळं गळून पडलं. ते उंबऱ्यावरच बसले.

"आणखी एकदा म्हण, बाळा," ते म्हणाले.

डोळे पुसत फुलवंता पुन्हा गाऊ लागली.