मोदकांचं मोठं पॅकेज

आमच्या चिपळूणच्या आळीत केबल नंदूशेठची, म्हणून तोराही त्याचाच. त्याच्या शेजारच्या कृष्णाबाईची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला फक्त कीर्तनाचं चॅनेल हवं, तर शेठने नेमकं तेच बंद केलं.

"मोठं पॅकेज घ्या, ऐंशी चॅनेल येतील," म्हणाला.

"त्या ऐंशींचं काय लोणचं घालू?"

"सुटं मिळत नाही. नको ती बघू नका, पैसे सगळ्यांचे भरा," म्हणाला मेला.

गणेश चतुर्थीला शेठच्या नैवेद्याचे उकडीचे एकवीस मोदक कृष्णाबाईकडेच सांगितलेले होते. आरती आटोपली, गुरुजी नैवेद्यासाठी खोळंबले, तेव्हा बाई भलामोठा बांबूचा हारा घेऊन पायरीशी उभी. एका डब्यात मोदक. बाकी हाऱ्यात किडकी वांगी, शिळे पाव आणि वर घमघमणारी सुकट!

शेठ नाक दाबून ओरडला, "गणपतीच्या दारात सुकट?"

"मोठं पॅकेज आहे, शेठ. मोदक सुटे मिळत नाहीत. नको ते खाऊ नका, पैसे सगळ्यांचे द्या."

शेठची बायको आतून कडाडली, "अहो, देव उपाशी बसलाय! लावा त्या म्हातारीचं चॅनेल!"

शेठने मुकाट फोन फिरवला. शेजारच्या खिडकीतून टाळांचा आवाज आला, तेव्हाच बाईने मोदकांचा डबा पुढे केला.

हारा उचलून ती निघाली, तर शेठचा म्हातारा बाप हळूच मागून आला. "पोरी, विसर्जन झाल्यावर ती सुकट तेवढी सुटी मिळेल का गं?"