नगारा थांबला तेव्हा

त्या राज्यात स्वतः काही लक्षात ठेवण्याची कोणाला सवय नव्हती. ते काम तिघांवर सोपवलेले होते. दरबारात पाकोळ्या होत्या; विचारायचा अवकाश, की उत्तर हजर. पण त्या नगाऱ्याच्या ठोक्यावर जगत. नगारा थांबला की पटापट मरून पडत, पुन्हा वाजला की नव्या जन्मत, कोऱ्या करकरीत. विहिरीच्या तळाशी एक कासव होते. त्याला सकाळी विचारावे तर उत्तर दुपारी वर येई, पण नगारा वाजो न वाजो, सांगितलेले ते विसरत नसे. आणि दाराशी कातळ होता. त्यावर एकच ओळ कोरलेली: 'उठा, नगारची असेल त्याला मुजरा करा, मग कासवाला विचारा.' ती कोणालाही बदलता येत नसे.

भिरी नावाची पाकोळी पिल्लांना या तिघांतला फरक शिकवी, तोही चोची मारमारून. दरबारात जागा मोजकी. नवी बातमी आली की बिनकामाच्या पाकोळीला बाकीच्या ओढून फाडत. तेव्हा धडा लवकर डोक्यात शिरलेला बरा.

"जपायचं ते कासवाला देऊन या गं," ती ओरडे, "आपला काय भरवसा?"

पिल्ले खिदळत. त्या ठोंब्याकडे कोण जातो? खरे सांगायचे तर भिरीबाईही कधी गेल्या नव्हत्या.

एकदा भर सकाळी, धडा चालू असताना, तरसाने नगारची अस्वलाचा गळा फोडला. सगळ्या दरबारादेखत. रक्त नगाऱ्यावर उडाले. "तरसानं मारलं! तरसानं मारलं!" पाकोळ्यांनी आकांत मांडला. तरस नुसता हसत होता. ओरडेनात का! नगारा थांबला होता.

शेवटच्या ठोक्याचा घुमारा हवेत होता, तेवढेच आयुष्य उरले. भिरीच्या डोळ्यांदेखत पिल्ले पडू लागली. तिचे काळीज फाटले, पण रडायला सवड नव्हती. ती विहिरीकडे सुटली. तरसाने झडप घालून तिचा एक पंख मुळापासून उपटला. तशीच गरगरत ती पाण्यावर आदळली.

"कासवदादा, ऐका! नगारचीला तरसानं मारलं!"

"दमानं सांग बाई," खालून आवाज आला. "घाईचं मला कळत नाही."

तिने पुन्हा सांगितले, रक्त ओकत, एकेक शब्द सुटा करून. घुमारा विरला. भिरी पाण्यावर पालथी पडली. कासवाला किती कळले, ते तिला समजलेच नाही.

तरसाने रक्ताळलेल्या काठ्या उचलल्या आणि ठोका दिला. नव्या पाकोळ्या जन्मल्या. त्यांनी कातळ वाचला, तरसाला मुजरा केला, पायांखालची मेलेली पिसे झाडून काढली आणि विहिरीत वाकून विचारले, "आमच्याआधी काय झालं?"

तरस नगारा बडवत राहिला. विहीर खोल होती आणि त्याला पोहता येत नव्हते.

दुपारी पाणी हलले. पाठीला भिरीचा उरलेला पंख चिकटलेले कासव वर आले. पाकोळ्या काठावर दाटल्या. कासवाने सावकाश, फार सावकाश, तोंड उघडायला घेतले.

तरसाने दोन्ही काठ्या वर उचलल्या, आणि तशाच धरून ठेवल्या.