सूत्रधाराचा राक्षस

"...मग त्याला काढूनच टाकू का, सर?"

खांबेटे सर खिडकीशी बसून मातीची एक सोंगटी रंगवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सलील आपल्या खेळाचं गाऱ्हाणं घेऊन आला होता. पाच जणांनी टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची, प्रत्येकाने तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं, अडलं की फासे टाकायचे, असा तो खेळ. गोष्ट चालवतो तो सूत्रधार. सलील हे सरांकडेच शिकला होता. आता अख्ख्या रत्नागिरीत आपल्यासारखा सूत्रधार नाही, असं त्याला वाटे, आणि तो तसं बोलूनही दाखवी.

"करतो काय तो?" सरांनी विचारलं.

"पृथ्वीराज? दुसऱ्याच्या पाळीत तोंड घालतो. मुक्ता गोष्टीतल्या पाटलाशी बोलणी करत होती. महिनाभर तयारी केली होती तिने. याने मध्येच तलवार उपसली आणि पाटलाला मारून टाकलं. वर हसला! मुक्ता दोन रविवार आलेली नाही."

"मग तू काय केलंस?"

"धडा शिकवला. त्याच्यावर राक्षस सोडला. पुढच्या रविवारी दोन सोडले. मेलं त्याचं पात्र."

"आणि?"

"नवं पात्र घेऊन आला..." सलीलचा आवाज जरा उतरला. "आधीच्यापेक्षा वाईट."

सरांनी कुंचला पुसला. हातातली सोंगटी, एक शिंगवाला राक्षस, डोळ्यांसमोर धरली आणि ते तिलाच म्हणाले, "अरे, त्या सलीलला सांग, आवाज जरा कमी कर म्हणावं. शेजारच्या काकू आजारी आहेत."

सलील हसला.

सर हसले नाहीत. "आणि हेही सांग, आज तो चपला घालून तसाच आत आलाय."

सलीलने पायांकडे पाहिलं. त्याची कानशिलं तापली.

"सर, त्याला काय सांगताय? मला सांगा की सरळ! मी समोर बसलोय तुमच्या."

सरांनी सोंगटी वाळायला ठेवली. मग पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आणि खेळताना तुझ्या टेबलाशी पृथ्वीराज कुठे बसतो?"